सॉस्टनची अब्रू आणि माँतेरियानोचें मूल

प्रवासाला निघालेल्या माणसाला उपदेश करण्याची हौस सर्व देशांत सारखीच आढळते. लंडनच्या चेरिंग क्रॉस स्टेशनवर एक गाडी सुटण्याच्या बेतांत आहे. डब्यांत लिलिया हेरिटन नांवाची तेहतीस वर्षांची विधवा बसलेली आहे. तिच्याबरोबर सोबतीण म्हणून कॅरोलाइन अॅबट ही कुमारिका आहे; ती लिलियाहून दहा वर्षांनीं लहान, परंतु शहाणपणांत तिच्याहून पुष्कळच मोठी समजली जाते. फलाटावर लिलियाची सासू, नणंद, दीर आणि तिची लहान मुलगी अर्मा हीं निरोप देण्यास उभीं आहेत. दीर फिलिप हा इटलीचा मोठा भक्त. गाडी हलेपर्यंत तो वहिनीला बजावीत आहे कीं इटली म्हणजे केवळ जुन्या मूर्तींचें व चित्रांचें संग्रहालय नव्हे. मळलेली वाट सोडून लहान लहान गांवें पाहावीं, आणि मुख्य म्हणजे तेथील माणसें ओळखावीं, त्यांना जीव लावावा.

लिलियानें हा उपदेश अक्षरशः पाळला. माँतेरियानो नांवाच्या डोंगरमाथ्यावरील एका लहान गांवीं ती गेली. तेथील एका माणसाला तिनें जीव लावला. आणि त्याच्याशीं लग्न केलें. तें ऐकून उपदेश करणाऱ्या फिलिपच्याच डोक्यावर आकाश कोसळलें! ई. एम्. फॉर्स्टर यांच्या ‘व्हेअर एंजल्स फिअर टु ट्रेड’ या कादंबरींतील सारा विनोद आणि सारा शोक या एका विसंगतींतून उगम पावलेला आहे. एखाद्या देशावर प्रेम करणें निराळें आणि त्या देशांतील एका माणसाशीं नातें मान्य करणें निराळें, हें या लहानशा ग्रंथाचें सांगणें आहे.

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजीं लंडन येथें झाला. वडील ते तान्हे असतांनाच वारले. आईनें त्यांना वाढविलें. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांतील शिक्षण संपल्यावर १९०१ सालीं ते आईबरोबर इटलीच्या प्रवासास निघाले. त्या काळचा सुखवस्तु इंग्रज प्रवासी इटलींत गेला म्हणजे बहुधा इंग्रजांनींच भरलेल्या खानावळींत उतरे, इंग्रज शेजाऱ्यांच्या पंक्तीला जेवे, आणि बेडेकरची तांबड्या पुठ्ठ्याची मार्गदर्शिका हातांत धरून देवळांतील चित्रें क्रमवार पाहून येई. इटालियन माणसाशीं त्याचा संबंध गाडीवान, वाढपी आणि वाटाड्या एवढ्यांपुरताच येई. त्या प्रवासाच्या अनुभवांतून फॉर्स्टर यांच्या दोन कादंबऱ्या निघाल्या. पहिली प्रस्तुतची, १९०५ सालीं ब्लॅकवुड या प्रकाशनसंस्थेनें प्रसिद्ध केलेली. दुसरी ‘अ रूम विथ अ व्ह्यू’, ती १९०८ सालीं निघाली. पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हां लेखकाचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. 

या कादंबरीचें नांव लेखकाच्या मनांत ‘माँतेरियानो’ असें होतें. पुढें तें बदलून अलेक्झांडर पोप या कवीच्या १७११ सालच्या समीक्षाविषयक काव्यांतील एका प्रसिद्ध ओळीचा उत्तरार्ध घेण्यांत आला. जेथें देवदूतहि पाऊल टाकण्यास कचरतात, असा त्याचा अर्थ. त्या ओळीच्या पूर्वार्धांत अशा ठिकाणीं बेधडक शिरणाऱ्या मूर्खांचा उल्लेख आहे. तो मुखपृष्ठावर नाहीं. मूर्ख कोण, हें वाचकानेंच पुढें ठरवावयाचें आहे.

कादंबरींत इंग्लंडच्या बाजूनें उभें आहे तें सॉस्टन हें कल्पित उपनगर. फॉर्स्टर ज्या टनब्रिज गांवीं शाळेंत गेले, त्या गांवाचा तोंडवळा त्यांत उमटला आहे असें मानतात. सॉस्टन कांहीं दुष्टांची वस्ती नव्हे. तेथील घरें नीटनेटकीं आहेत, बागा निगेनें राखलेल्या आहेत, गोरगरिबांसाठीं दानधर्म चालतो, आणि कोणी कोणाशीं चारचौघांत भांडत नाहीं. मात्र तेथें प्रत्येक गोष्टीचें मोल ती लोकांना कशी दिसेल यावर ठरतें. या नगरीची जणूं अधिष्ठात्री म्हणजे लिलियाची सासू हेरिटनबाई. आवाज न चढवितां, हसतमुखानें, दुसऱ्यांचीं आयुष्यें आपल्या मुठींत ठेवण्याची कला त्यांना साधलेली आहे. लिलिया त्यांना प्रथमपासूनच पसंत नव्हती, कारण तिचें माहेर हेरिटन कुटुंबाच्या तोलाचें नव्हतें. मुलगा चार्ल्स याचें तिच्याशीं लग्न झालेंच, तेव्हां सुनेला ‘वळण’ लावण्याचा उद्योग बाईंनीं आरंभिला; आणि चार्ल्स वारल्यावरहि, हेरिटन या नांवाला शोभेल असेंच सुनेनें वागलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह सुटला नाहीं. म्हणजे या कथेंतील वर्गावर्गांचा तंटा इटलीच्या भूमीवर सुरू होत नाहीं. तो सॉस्टनच्या दिवाणखान्यांत आधींच सुरू झालेला आहे. लिलिया इटलीला जाते ती त्याच तंट्यांतून चार दिवस सुटका व्हावी म्हणून. आणि सासू तिला जाऊं देते तीहि तिची ब्याद चार दिवस टळावी म्हणूनच.

लिलियानें इटलींत लग्न ठरविल्याची वार्ता पत्रानें येते, तेव्हां हेरिटनबाई आपली मुलगी हॅरिएट हिच्यासह बागेंत वाटाणे पेरीत असतात. मग एकच धांवपळ उडते. तारा जातात, नकाशे व मार्गदर्शिका उघडल्या जातात, फिलिपला तांतडीनें इटलीला धाडण्याचें ठरतें. रात्रीं उशिरां बाईंना आठवतें कीं पेरलेल्या वाटाण्यांवर माती ओढावयाची राहून गेली. कंदील घेऊन त्या बागेंत जातात, तों चिमण्यांनीं एकूण एक दाणा टिपलेला असतो. प्रसंग अगदीं किरकोळ आहे. परंतु अब्रूच्या बंदोबस्तांत गुंतलेलें घर जिवंत बीजाकडे दुर्लक्ष करतें, ही पुढील अनर्थाची पहिली सूचना त्यांत दडलेली आहे.

फिलिप माँतेरियानोला जातो तो वसंत ऋतूंत. हें गांवहि कल्पितच; परंतु टस्कनी प्रांतांतील सान जिमिन्यानो हें उंच उंच दगडी मनोऱ्यांचें गांव लेखकाच्या डोळ्यांसमोर होतें, हें प्रसिद्ध आहे. स्टेशनपासून गाडी डोंगर चढत असते, दोहों बाजूंस झाडांखालीं जांभळ्या फुलांचा पूर आलेला असतो, आणि गाडींत शेजारीं बसलेल्या कॅरोलाइनला फिलिप खोदून खोदून विचारीत असतो. तिनें तारेंत वरपक्ष इटलीच्या सरदारवर्गांतील असल्याचें कळविलें होतें. आतां तिला कबूल करावें लागतें कीं वराचे वडील दंतवैद्य आहेत. फिलिपला जणूं कोणी तोंडांत मारल्यासारखें होतें. ज्या स्वप्नभूमीची त्यानें आराधना केली, तींत दंतवैद्य कोठून आला?

येथें फॉर्स्टर यांच्या सूक्ष्म दृष्टीची खूण पटते. जिनो कारेल्ला हा एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा असता, किंवा मोडकळीस आलेल्या वाड्यांतील दरिद्री सरदार असता, तर फिलिपला कदाचित् इतका धक्का बसला नसता. शेतकरी आणि सरदार हे दोघेहि चित्रांत शोभतात. दंतवैद्य चित्रांत शोभत नाहीं. त्याची खुर्ची, त्याचे चिमटे आणि त्याच्या खोट्या कवळ्या हें सर्व सॉस्टनमध्येंहि आहे. तो परदेशांतला असूनहि अगदीं शेजारचा आहे, आणि शेजाऱ्याची पायरी आपल्याहून एकच खालची असली म्हणजे ती अधिकच बोंचते. फिलिपच्या सौंदर्यभक्तीखालीं सॉस्टनचीच वर्गबुद्धि शाबूत होती, हें या एका शब्दानें उघडकीस येतें. आईच्या अब्रूच्या कल्पनांना हंसणारा हा मुलगा आईचाच निरोप्या बनून आलेला असतो, तो उगीच नव्हे.

निरोप्याचें काम तो वाईट रीतीनें करतो. जिनोला एकांतांत गांठून, लग्न मोडल्यास पैसे देऊं करतो. जिनो हा एकवीस वर्षांचा, सुंदर, आळशी, नुकताच लष्करी नोकरींतून सुटलेला तरुण. तो प्रथम गोंधळतो आणि मग खदखदां हंसत सुटतो; कारण लग्न आधींच लागून गेलेलें असतें! जातां जातां तो फिलिपला सहज एक ढकल देतो, आणि हा सुसंस्कृत गृहस्थ बिछान्यावर कोलमडतो. इंग्लंडची पहिली स्वारी अशी हास्यास्पद रीतीनें परतते.

मात्र यावरून फॉर्स्टर यांनीं इटलीचें स्तोत्र आणि इंग्लंडची निंदा लिहिली आहे, असें समजणें चुकीचें होईल. लिलियाच्या संसाराचीं प्रकरणें वाचणाऱ्याचा हा समज टिकत नाहीं. लग्नांत पैसा तिचा आहे, आणि त्या पैशाच्या बळावर आपण नवऱ्यावर हुकमत चालवूं अशी तिची कल्पना असते. परंतु इटलीच्या त्या लहान गांवांतील जीवनाचे नियम तिला ठाऊक नाहींत. तेथें पुरुषाला मोठें स्वातंत्र्य आहे. चौकांतील कॉफीगृहांत वकिलाचा मुलगा, जकात-खात्यांतला नोकर आणि रिकामटेकडा जिनो हे सारे बरोबरीच्या नात्यानें गप्पा मारीत बसतात. कोणी कोणाचें घराणें विचारीत नाहीं. परंतु ही समता पुरुषांपुरतीच आहे. बायकांनीं घरांत बसावें, एकटीनें फिरावयास जाऊं नये, हा तेथील रिवाज. आणि जिनो तो सहज, कसलाहि विचार न करतां, लिलियावर लादतो. तिला चहाच्या मेजवान्या हव्या असतात. पण बोलावणार कोणाला? जिनोच्या नात्यागोत्यांत जाण्याचा तिला कमीपणा वाटतो, आणि तिच्या बरोबरीचें म्हणावें असें गांवांत कोणी नसतें. पुढें नवरा बाहेरख्याली आहे हेंहि तिला कळतें. एका संध्याकाळीं ती घराबाहेर पळते, स्टेशनकडे जाणारी टपालाची गाडी थांबविण्याची धडपड करते. गाडी थांबत नाहीं, नुसती धूळ मागें राहते. सॉस्टनमध्यें सासूनें ज्या स्त्रीला हळूहळू चेपलें, तिला येथें नवऱ्यानें आपल्या पद्धतीनें चेपलें. दोन देशांच्या रीती भिन्न. परंतु दोन्हींच्या मध्यें सांपडलेल्या स्त्रीचें दुःख एकच. एका मुलाला जन्म देऊन लिलिया मरण पावते. तिच्या मृत्यूचा उल्लेख लेखकानें इतक्या थोडक्यांत आटोपला आहे कीं वाचक क्षणभर थबकतो. तिच्या आयुष्याकडे जिवंतपणीं तरी कोणीं अधिक लक्ष दिलें होतें?

यापुढें कादंबरीचा खरा प्रश्न उभा राहतो. हें मूल कोणाचें? 

कायद्यानें आणि निसर्गानें तें जिनोचें आहे. सॉस्टनला प्रथम तें अस्तित्वांतच नको असतें. अर्माला तिच्या भावाविषयीं कांहींच सांगावयाचें नाहीं असें आजी ठरविते. परंतु माँतेरियानोहून त्या तान्ह्या भावाच्या नांवानें अर्माला चित्रांचीं कार्डें येऊं लागतात. मुलगी शाळेंतल्या मैत्रिणींना सांगते. आणि गुपित सबंध सॉस्टनभर होतें. तेव्हां त्या मुलाला इंग्लंडमध्यें आणण्याची निकड एकाएकीं सर्वांना भासूं लागते. परंतु प्रत्येकाचें कारण वेगळें असतें. कॅरोलाइनला वाटतें, आपण त्या लग्नाला उत्तेजन दिलें, त्याचें प्रायश्चित्त म्हणून तें मूल वांचविलें पाहिजे. कॅरोलाइन पुढाकार घेईल आणि आपण मागें राहिलों असें दिसेल, ही हेरिटनबाईंना धास्ती. हॅरिएट कडवी धर्मनिष्ठ. इटालियन बापाच्या हातून तें मूल सोडविणें हें तिच्या लेखीं कर्तव्य. फिलिपला तर कांहींच वाटत नाहीं. आईनें सांगितलें म्हणून तो निघतो, आणि पुढें काय मौज घडते ती पाहावी अशी त्याची वृत्ति. अब्रू, प्रायश्चित्त, धर्म आणि कुतूहल, असे चार हात एका तान्ह्या मुलाकडे पसरलेले असतात. आणि त्या मुलाला अद्याप कोणीं पाहिलेलेंहि नसतें!

दुसरी स्वारी भर ऑगस्टच्या उन्हांत निघते. प्रथम मात्र इटली या पाहुण्यांना जिंकते. गांवच्या लहानशा नाट्यगृहांत दोनिझेत्तीच्या ‘लुचिआ दि लाम्मेरमूर’ या संगीत नाटकाचा प्रयोग असतो. प्रेक्षक गाणाऱ्यांबरोबर गातात, ओळखीच्यांना हांका मारतात, फुलें उधळतात. हॅरिएट संतापून त्यांना गप्प बसवूं पाहते, तों एक पुष्पगुच्छ नेमका तिच्याच छातीवर येऊन आदळतो. त्या गोंधळांत फिलिपची नजरानजर जिनोशीं होते, आणि जिनो त्याला हातांनीं ओढून आपल्या सज्ज्यांत घेतो, जणूं दोन जिवलग मित्र बऱ्याच दिवसांनीं भेटत आहेत! ज्याला फिलिपनें लांच देऊं केली, ज्यानें फिलिपला ढकलून दिलें, ते दोघे आतां एकमेकांच्या गळ्यांत पडतात. ज्या इटलीवर फिलिप पुस्तकांतून प्रेम करीत होता, ती त्याला या गर्दींत आणि या हंसण्यांत प्रथमच भेटते.

दुसऱ्या दिवशीं कॅरोलाइन एकटीच जिनोच्या घरीं जाते. काय काय बोलावयाचें तें तिनें मनांत जुळवून नेलेलें असतें. परंतु तेथें एका कळकट गालिच्यावर झोंपलेलें मूल ती प्रथमच पाहते, आणि तिचे शब्द अडतात. आतांपर्यंत तें मूल म्हणजे तिच्या लेखीं एक तत्त्व होतें, एक पाप होतें, एक कर्तव्य होतें. आतां तें श्वास घेणारें, हातपाय झाडणारें, भूक लागली म्हणजे रडणारें एक माणूस होऊन समोर पडलेलें असतें. जिनो आपल्या मुलावर जितकें प्रेम करतो तितकें करणारें सॉस्टनमध्यें कोणी नाहीं, हें तिला उमगतें. तो कांहीं साधु नव्हे. मुलाकडे पाहणारी कोणी तरी घरांत हवी म्हणून चार पैसे असलेल्या एका बाईशीं पुन्हां लग्न करण्याचा व्यवहारी बेत तो तिला मोकळेपणानें सांगतो. परंतु त्या व्यवहाराच्या मुळाशीं वात्सल्य आहे. आणि सॉस्टनच्या परोपकाराच्या मुळाशीं वात्सल्य नाहीं. जिनो मुलाला न्हाऊं घालतो, कॅरोलाइन त्याचें अंग पुसते. तेवढ्यांत फिलिप येतो, आणि त्याला समोर दिसतें तें इटलीच्या जुन्या चित्रकारांनीं शतकानुशतकें रंगविलेलें दृश्य: माता आणि तिच्या मांडीवरील बालक. मात्र फिलिप तें चित्र म्हणूनच पाहतो. कॅरोलाइनला तें चित्र नव्हे. तिच्या हातांत ओलें, जिवंत मूल आहे.

म्हणूनच पुढें देवळांत ती फिलिपला जें सुनावते, तें या कादंबरीचें मर्म होय. फिलिपला सर्वांच्या बाजू समजतात, सर्वांविषयीं तो गोड बोलतो, आणि करीत मात्र कांहींच नाहीं. मूल बापापाशीं राहावें असें वाटत असेल तर त्यानें त्यासाठीं झगडावें. इंग्लंडला न्यावें असें वाटत असेल तर त्यासाठीं झगडावें. परंतु दोहोंपैकीं एक कांहीं तरी ठरवावें, असें तिचें म्हणणें. फिलिप ऐकतो, तिचें कौतुक करतो, आणि जागचा हलत नाहीं.

जो ठरवीत नाहीं त्याच्यासाठीं दुसरें कोणी तरी ठरवून टाकतें. येथें तें काम हॅरिएट करते. ती मूल चोरून आणते. पावसाळी रात्र, अंधारी उतरणीची वाट, मागेंपुढें धांवणाऱ्या दोन गाड्या. त्यांची टक्कर होते, एक गाडी उलथते. फिलिपचा हात मोडतो आणि मूल दगावतें. चार सद्धेतूंनीं मिळून एका निरपराध जिवाचा बळी घेतलेला असतो. त्यांत कोणी खलपुरुष नाहीं, कोणाचें मनहि काळें नाहीं. सॉस्टनच्या कोणत्याहि न्यायाधिशानें या मंडळींना दोषी ठरविलें नसतें. लेखकाचा आरोप याहून भारी आहे. दुसऱ्याच्या जीवनांत आपल्याला हात घालण्याचा हक्क आहे, कारण आपण त्याच्याहून वरच्या पायरीवरचे, हा जो सुसंस्कृत समाजाचा न बोललेला सिद्धांत, त्याच्यावर तो आरोप आहे.

फिलिप मोडक्या हातानें जिनोला ती वार्ता सांगावयास जातो. आयुष्यांत प्रथमच तो एक अवघड काम स्वतः होऊन अंगावर घेतो. दुःखानें पिसाळलेला जिनो त्याचा मोडका हात धरून पिळतो, त्याचा गळा आवळतो. कॅरोलाइन वेळेवर आली नसती तर फिलिप वांचताना. तेवढ्यांत, कांहींच ठाऊक नसलेली म्हातारी मोलकरीण पेर्फेत्ता मुलासाठीं दूध घेऊन येते. कॅरोलाइन जिनोला सांगते कीं तें दूध फिलिपला पाज. जिनो तसें करतो, उरलेलें स्वतः पितो, आणि भांडें फुटून त्याचे तुकडे होतात. ज्याच्यासाठीं दूध आलें तो आतां नाहीं, आणि ज्यांनीं एकमेकांचा जीव घ्यावयाचा ते एका भांड्यांतून दूध पितात. एवढ्या भयंकर प्रसंगीं फॉर्स्टर यांनीं एकहि मोठा शब्द वापरलेला नाहीं. म्हणूनच तो प्रसंग वाचकाच्या मनांतून जात नाहीं.

शेवट आगगाडींत होतो. मंडळी इंग्लंडकडे परतत असतात. फिलिपचें आतां कॅरोलाइनवर प्रेम जडलेलें असतें, आणि तिचेंहि तसेंच असावें अशा आशेनें तो बोलूं लागतो. ती सांगते कीं तिचें प्रेम जिनोवर आहे, आणि तें त्याला कधीं कळावयाचें नाहीं. ज्या लग्नाच्या प्रायश्चित्तासाठीं ती निघाली, त्याच वाटेवर तिचें स्वतःचें मन हरवलेलें असतें. सेंट गॉटहार्डचा बोगदा जवळ येतो. आणि कोळशाचे कण हॅरिएटच्या डोळ्यांत जाऊं नयेत म्हणून दोघें खिडक्या लावण्यास धांवतात. एवढ्या उलथापालथीनंतरहि हॅरिएटच्या डोळ्यांना जपणें आलेंच! सॉस्टन बदललें नाहीं. बदललीं तीं दोन माणसें, आणि त्यांच्या पदरांत सुख पडलें नाहीं.

कादंबरी निर्दोष नाहीं. अपघाताचा योगायोग फार सोयीचा वाटतो. हॅरिएट ही माणसापेक्षां व्यंगचित्रच अधिक आहे. जिनोच्या निष्काळजी क्रौर्याकडे, त्याच्या सौंदर्यामुळें व वात्सल्यामुळें, लेखकानें थोड्या अधिक क्षमाशीलतेनें पाहिलें आहे, आणि बिचाऱ्या लिलियाला वाचक उत्तरार्धांत विसरतो. तरीहि लायोनेल ट्रिलिंग या अमेरिकन टीकाकारानें १९४३ सालीं फॉर्स्टर यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिल्यापासून या पहिल्या कादंबरीकडे जें गंभीरपणें पाहिलें जाऊं लागलें, तें योग्यच होय. पुढील थोर कादंबऱ्यांचें बीज येथेंच आहे. दोन समाजांतील भिंत चांगल्या इच्छेनें पडत नाहीं. ती ओलांडण्यास एका माणसानें दुसऱ्या माणसाला बरोबरीचा मानावें लागतें, हा विचार ‘अ पॅसेज टु इंडिया’पर्यंत फॉर्स्टर यांनीं सोडला नाहीं.

या विचाराची परीक्षा लेखकालाहि एकदां द्यावी लागली, आणि ती एका मराठी दरबारांत. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर सोळा वर्षांनीं, १९२१ सालीं, फॉर्स्टर देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून कांहीं महिने राहिले. येथें इंग्रज हा चाकर होता आणि मराठा राजा धनी. हातांत मार्गदर्शिका घेऊन सज्ज्यांतून पाहण्याची सोय येथें नव्हती. दरबारचा गोंधळ, हिशेबाची ओढाताण आणि गोकुळाष्टमीच्या उत्सवाचा दिवसरात्र चाललेला गजर या सर्वांच्या मध्यें ते राहिले. पुष्कळदां गांगरले, कधीं वैतागले, परंतु महाराजांवरील त्यांचा लोभ कमी झाला नाहीं. तीं पत्रें त्यांनीं १९५३ सालीं ‘द हिल ऑफ देवी’ या ग्रंथांत प्रसिद्ध केलीं. १९२४ सालच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’च्या अखेरच्या भागांत एका हिंदु संस्थानांतील कृष्णजन्माचा जो सोहळा आहे, त्यावर देवासच्या उत्सवाची छाया स्पष्ट आहे, आणि तेथें गाणारे भक्त आळवितात तें नांव तुकारामाचें आहे. माँतेरियानोच्या नाट्यगृहांत फिलिपला जें क्षणभर लाभलें, तें त्याच्या जनकाला देवासच्या देवळांत लाभलें असेल काय? त्या अखेरच्या भागावरून तरी तसें वाटतें.

फॉर्स्टर ७ जून १९७० रोजीं निवर्तले. त्यांच्या पहिल्या कादंबरींतील जग, तांबड्या मार्गदर्शिकांचें आणि सोबतिणींचें जग, त्यांच्या हयातींतच नाहींसें झालें होतें. परंतु दूरच्या देशाचें संगीत, तेथील चित्रें, तेथील जेवण यांवर मनापासून लुब्ध होणारा आणि तेथील दंतवैद्याचा मुलगा जांवई होऊन दारीं येतांच दचकणारा फिलिप नाहींसा झालेला नाहीं. सुशिक्षित घरांतून तो अजून भेटतो, आणि बहुधा तो घरांतला सर्वांत समंजस, सर्वांत विनोदी मनुष्य असतो. म्हणूनच त्याची कथा ऐकतांना हंसूं येतें, आणि तें हंसूं मध्येंच थांबतें.